आप्पांनी भरलेला सांधा

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून तक्ता काढला, कारखान्यातल्या पाटावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर शाडूचे गोळे ठेवले. आप्पांनी चष्मा लावला, खाली पाहिलं आणि चष्मा काढून खिशात घातला.

"बाई, आम्ही गणपती करतो," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर पेणला आले."

"हे असलं मुंबईला मिळत असेल."

"मिळतं ना. गोऱ्या बाईचं, गोऱ्या बाप्याचं. माझ्या सुइणी म्हणतात, ते साहेब लोकांचं पोट, आमचं तसं नसतं. त्यांना आपल्या रंगाचं, आपल्या मातीचं दाखवलं पाहिजे. हात लावून बघता येईल असं."

तक्त्यावर डावीकडे बाई होती आणि उजवीकडे पुरुष. दोघांनाही डोकं नव्हतं, पाय नव्हते. कंबरेचा भाग मधोमध उभा कापला तर आत जे दिसेल ते रंगवलेलं होतं. डॉक्टर माणिक प्रधान अलिबागला राहायच्या आणि आसपासच्या गावांतल्या सुइणींचे वर्ग घ्यायच्या. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मार्गशीर्ष लागला होता. गणपतीचा हंगाम संपून कारखाना रिकामा पडला होता. फळ्यांवर नुसते साचे होते आणि सगळीकडे वाळलेल्या शाडूचा तो थंड, मातकट वास. आजही कुठे नव्या भिंतीला चुना लागला की मला तो वास आल्यासारखं वाटतं.

"नाही जमायचं बाई," आप्पा म्हणाले. "घरात मुलगी आहे."

मुलगी म्हणजे मी, शालन. वय सव्वीस. कोपऱ्यात बसून मी ब्रश धूत होते.

"मी रंगवीन," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मी नवरात्रापासून माहेरी होते. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. सासर नागोठण्याचं. यजमानांचं, दिगंबररावांचं, तिथे सायकलचं दुकान. दिवाळीला ते मला न्यायला आले नाहीत. त्यांचे मामा आले. लाडू खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आप्पा, आता मुलगी इथेच ठेवा. दिगूला दुसरीकडे बघतोय. कोर्टकचेरी नको. माघी गणपतीपर्यंत राजीखुशीनं सोडचिठ्ठीवर सही द्या, म्हणजे दोघांची वाट मोकळी." आप्पांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन साच्यांवरची धूळ झटकत बसले. माझी आई मी आठवीत असताना गेली होती. असलं काही बोलायला घरात दुसरी बाई नव्हती, आणि बाप-लेकीत असलं काही बोलायची रीत नव्हती.

सात वर्षं सगळे माझ्या पोटाबद्दल बोलत होते. नवस, अंगारे, उपास, सगळं माझ्या पोटासाठी. ते पोट आतून कसं असतं ते मला एकदा बघायचं होतं. म्हणून मी बोलले.

"तीच करणार असेल तर घेतो," आप्पा तक्त्याकडे बघत म्हणाले.

आप्पांची एक पद्धत होती. एखादा भाग कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ते माती हातात घेत नसत. आशीर्वाद देणारा हात वेगळा आणि मोदक धरलेला हात वेगळा, बोटं तीच असली तरी मनगट बदलतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी ठेवलेलं पुस्तक मी वाचून दाखवायचं आणि त्यांनी पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, माती मळत ऐकायचं, असं आपोआप ठरलं. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

आधी बाई घडवायला घेतली.

"हे बदामासारखं काय आहे?"

"अंडाशय. दोन बाजूंना दोन. महिन्याला एक बीज पिकतं. कधी ह्या बाजूला, कधी त्या."

"बीज बापाचं असतं ना?"

"दोघांचंही असतं. अर्धं अर्धं. बाईची सगळी बीजं ती जन्मते तेव्हाच तिच्यात असतात, असं लिहिलंय. पुढे नुसती पिकत जातात."

आप्पांचा हात थांबला. "म्हणजे तू तुझ्या आईच्या पोटात होतीस, तेव्हाच तुझ्यात ती होती?"

"हो."

"तिला माहीत नव्हतं हे," ते म्हणाले आणि पुन्हा माती मळू लागले.

मग नळ्यांवर अडलं. गर्भाशयाच्या दोन खांद्यांतून दोन नळ्या निघतात आणि अंडाशयाकडे झुकतात, पण तक्त्यात त्या अंडाशयाला चिकटलेल्या नव्हत्या. मध्ये जागा होती.

"छापणाऱ्याची चूक," आप्पा म्हणाले.

"नाही. जागा असतेच. नळीच्या टोकाला झालर असते. बीज सुटलं की झालर ते आत ओढून घेते."

"आणि पडलं मधेच तर?"

"बहुतेक वेळा पडत नाही. नळीत आत गेलं की तिथेच पुरुषाचं बीज येऊन भेटायचं असतं. भेटलं तर दोघं मिळून हळूहळू गर्भाशयात उतरतात."

"भेट गर्भाशयात होत नाही?"

"नळीत होते."

आप्पांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती झालर अशी घडवली की लक्ष्मीच्या पदराला कधी तेवढी नाजूक चुणी पडली नसेल. पण गर्भाशय घडवायला घेतलं तेव्हा त्यांना ते पटेना. त्यांच्या मनात ते घागरीएवढं होतं.

"एवढंसंच? मुठीएवढं?"

"मूल नसतं तेव्हा एवढंच. मूल आलं की वाढतं आणि नंतर परत लहान होतं. पुस्तकात लिहिलंय, दर महिन्याला ते आतून मऊ थर तयार करतं, बीज येऊन रुजावं म्हणून. कोणी रुजलं नाही तर तो थर सुटतो आणि..."

पुढचं मी वाचलं नाही. आप्पांनी विचारलंही नाही.

पण दोन-तीन दिवसांनी मला पाळी आली. त्या दिवसांत कारखान्यात पाऊल टाकायचं नाही हे मला वेगळं सांगावं लागत नसे. देवाची माती तिथे असते. मी मागच्या पडवीत बसून राहिले. सासरी हे दिवस आले की सासूबाई उसासा टाकत, आणि मला वाटे की मीच दर महिन्याला घरातून कोणाला तरी हाकलते आहे. दुपारी आप्पा पडवीच्या दारात आले.

"लाल रंग कोण लावणार?"

"आप्पा, मी बाजूला आहे."

"कळलं मला." ते म्हणाले. "आत तू काय रंगवत होतीस? हेच ना? मग हे होतं म्हणून ते रंगवायचं नाही, हे काही मला जुळवता येईना. ये."

मी गेले. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला मी लाल रंग लावला, त्यात थोडा पिवळा घालून, जास्वंदीचा होतो तसा. पुढच्या हंगामात मदतीला आले तेव्हाही त्या दिवसांत आप्पांनी मला अडवलं नाही.

पेणला कोणाच्या कारखान्यात काय चाललंय हे लपून राहत नाही. एका सकाळी पोस्टमन कदमकाका आत शिरले. आप्पांनी ओलं पोतं टाकेपर्यंत त्यांनी पाहिलंच. दोन बाजूंना पसरलेल्या नळ्या, मधे ते निमुळतं गर्भाशय. काकांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"कुठली देवी म्हणायची ही?"

"अजून नाव ठेवलं नाही," आप्पा म्हणाले.

काका गेल्यावर मी हसले. मार्गशीर्षात मी पहिल्यांदा हसले असेन. आप्पा म्हणाले, "हसतेस काय? काही चुकीचं केलं का त्यांनी?"

पुरुषाची पाळी आली तेव्हा आप्पांनी पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं.

"हे मी वाचतो. तू रंग खल."

ते खिडकीशी गेले. ओठ हलत होते. 'पुरःस्थ ग्रंथी' ह्या शब्दांवर ते तीनदा अडखळले आणि शेवटी पुस्तक माझ्या शेजारी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. मी वाचू लागले. वृषणात बीज तयार होतं, रोज, लाखांनी. वृषण पोटाच्या बाहेर पिशवीत असतात, कारण शरीराची ऊब त्या बीजाला सोसत नाही.

"शाडूसारखंच," आप्पा म्हणाले. "सावलीत ठेवला तर टिकतो. उन्हात तडकतो."

वृषणाच्या पाठीवर गुंडाळून बसलेली एक नळी असते, तिच्यात बीज पोसतं, पोहायला शिकतं. तिथून शुक्रवाहिनी निघते. ती सरळ खाली जात नाही. वर चढते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालून मागे उतरते. वाटेत ग्रंथी आपला रस मिसळतात आणि मग सगळं मूत्रमार्गातून बाहेर येतं.

"एवढं फिरून?" आप्पा म्हणाले. "खालच्या खाली सोपं होतं की."

"आधी वृषण पोटातच असतात म्हणे. मूल जन्मायच्या सुमाराला खाली उतरतात. येताना नळी ओढत आणतात."

"असं होय. मग बरोबर आहे."

डॉक्टरीणबाईंची एक अट होती. ही सगळी वाट खरोखर पोकळ हवी. सुइणींनी खालून रंगीत दोरा ओवला की तो सगळं फिरून पुढे बाहेर आला पाहिजे, म्हणजे कोण कुठून कुठे जातं हे सांगत बसायला नको. आप्पांनी साच्यात मेण लावलेली दोरी ठेवली, वर प्लास्टर ओतलं आणि ते धरल्यावर दोरी अलगद ओढून घेतली. पोटाचा भाग एका साच्यातून काढला आणि खालची पिशवी दुसऱ्या. मग दोन्ही जोडले, जांघेपाशी.

जोडणं हे आप्पांचं खरं काम. गणपतीचे हात, सोंड, मुकुट वेगवेगळे काढून जोडतात. जोडलेल्या जागी फट राहिली तर मूर्ती खंडित दिसते आणि खंडित मूर्ती कोणी घरी नेत नाही. आप्पा त्या जागी ओलं प्लास्टर भरत, अंगठ्यानं दाबत, पाण्याचा हात फिरवत. त्यांच्या मूर्तीचा सांधा कुठे आहे ते शोधून दाखवा, असं पेणमधले कारागीर गंमतीनं एकमेकांना म्हणत.

पुरुष रंगवून झाला. गव्हाळ कातडी, फिकट गुलाबी नळ्या, ग्रंथींना हळदी रंग. देखणा झाला होता. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाई पाहिली आणि झालरीवरून बोट फिरवलं. मग पुरुष पुढे ओढला आणि मेण लावून ताठ केलेला निळा दोरा खालून ओवला.

दोरा थोडा वर गेला आणि थांबला.

त्यांनी फिरवून पाहिलं. बाहेर काढून पुन्हा घातला. पुन्हा तिथेच थांबला.

"आप्पा, ह्याची वाट बंद आहे."

"नसणार. दोरी मी स्वतः ओढून काढलीय."

"बघा तुम्हीच."

आप्पांनी ओवून पाहिलं. मग त्यांनी जांघेच्या जागी अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्यांच्या लक्षात आलं. सांधा भरताना नळीचं तोंडही भरलं गेलं होतं. चाळीस वर्षं जो अंगठा प्रत्येक छिद्र बुजवत आला, त्यानं हेही बुजवलं होतं.

"हाताची सवय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाहेरून काही कळतच नाही हो."

"नाहीच कळत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. जिवंत माणसातही अगदी असंच होतं. लहानपणी अंतर्गळाचं ऑपरेशन करतात ना, पोराचं आतडं खाली उतरतं तेव्हा? ते ह्याच जागी. टाका घालताना कधी नळी सापडते, दाबली जाते. पोर वाचतं, मोठं होतं, धडधाकट होतं. लग्न होतं. सगळं नीट असतं, त्यालाही काही वेगळं वाटत नाही. कारण बाहेर येतं ते बहुतेक ग्रंथींचं पाणी. ते खालून येतच नाही. फक्त त्यात बीज नसतं. ते इथे खालीच अडकलेलं."

"मग कळतं कसं?" मी विचारलं.

"सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की लगेच. पण बघायला देतो कोण? बायकोच्या शंभर तपासण्या होतात. पुरुष दवाखान्याच्या पायरीशी सायकल धरून उभा."

माझ्या हातात पिवळ्या रंगाची वाटी होती. ती मी खाली ठेवली. नीट ठेवली, सांडली नाही, एवढं आठवतं.

डॉक्टरीणबाई बाईची मूर्ती घेऊन गेल्या. पुरुष दुसरा काढून द्यायचा ठरलं. आप्पा तो बंद वाटेचा पुरुष समोर घेऊन बसले होते. बाहेर ऊन कलत होतं, शेजारच्या गिरणीत पोहे कांडल्याचा आवाज येत होता. आप्पा भिंतीकडे वळले नव्हते. तरी मी बोलले.

"आप्पा, त्यांच्या दोन्ही जांघांत व्रण आहेत. पाच वर्षांचे असताना झालं होतं ऑपरेशन."

आयुष्यात बापाशी बोललेल्या वाक्यांत हे सगळ्यात कठीण. महिनाभरापूर्वी मी जीव दिला असता, पण हे तोंडातून काढलं नसतं. पण आता ते सगळे शब्द आमच्या घरात होते. पाटावर, ब्रशांशेजारी, रोज हाताळलेले.

आप्पांनी मान हलवली. "दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही."

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

त्यांनी मूर्ती पांढऱ्या फडक्यात बांधली, वेताच्या टोपलीत भाताचा पेंढा घालून त्यात ठेवली, अगदी गिऱ्हाइकाचा गणपती द्यायचा तशी. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "काका, आत्ता कुठले गणपती?" आप्पा म्हणाले, "दुरुस्तीचा आहे." टोपली त्यांनी नागोठण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. दुकान घराला लागूनच होतं. यजमान हाताला वंगण लागलेलं तसेच आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. वाळले होते.

"कागद आणलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, विहीणबाई. माझी एक चूक दाखवायला आणलीय."

आप्पांनी टोपली उतरवली, फडकं सोडलं. सासूबाईंनी पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "शिव शिव. लेकीसमोर?"

"तिनंच रंगवलंय," आप्पा म्हणाले. "जावईबापू, जरा जवळ या. तुमचा हात यंत्राचा आहे. हे मी केलं. वरून बघा, कुठे काही कमी दिसतं का?"

यजमानांनी हात पुसले आणि उकिडवे बसले. मूर्ती फिरवून पाहिली. "नाही. चांगलं आहे."

"इथून बीज निघतं, ह्या नळीनं वर जातं, असं फिरून इथे बाहेर. आता खालून एखादी तार घालून बघा."

यजमान आत गेले आणि सायकलचा आरा घेऊन आले. बारीक, सरळ. त्यांनी तो खालच्या तोंडातून हलक्या हातानं वर सरकवला. ट्यूबमध्ये काटा शोधताना त्यांची मान जशी तिरकी होते तशी झाली होती.

"इथे अडतंय."

"कुठे?"

त्यांनी बोट ठेवलं. जांघेवर. आणि ते बोट त्यांनी काढलं नाही.

समोरून बैलगाडी गेली तिचा आवाज तेवढा आला.

"हा सांधा मी भरला," आप्पा म्हणाले. "चांगला व्हावा म्हणून भरला. भरताना आतली वाट बुजली. डॉक्टरीणबाईंनी दोरा घातला तेव्हा कळलं, नाहीतर मला जन्मात कळलं नसतं. चूक घडवणाऱ्याच्या अंगठ्याची आहे. ह्याची काय चूक? हा धडधाकट आहे." ते जावयाकडे वळले. "कोणाच्या अंगात असं असेल, तर ते बघता येतं म्हणे. एकदा अलिबागला जायचं. एवढंच सांगायला आलो. मग तुम्ही म्हणाल तिथे सही देतो."

मी यजमानांकडे बघत होते. त्यांनी आरा अजून धरून ठेवला होता. पण बोलल्या त्या सासूबाई.

"पाच वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. पदर तोंडावरून खाली आला होता. "रडून रडून काळानिळा पडला होता. ह्याचे वडील म्हणाले, उद्या बघू. मीच उचललं आणि खटाऱ्यातून नेलं. सगळी वाट मांडीवर धरून. दवाखान्यात म्हणाले, दुसऱ्या बाजूचंही आत्ताच करून टाकतो, परत त्रास नको. मी म्हटलं, करा." त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "म्हणजे मी नेलं म्हणून झालं का हे?"

आप्पांची ह्याला तयारी नव्हती. माझीही नव्हती. सात वर्षं मी ह्या बाईला घाबरत आले होते, आणि त्या क्षणी मला वाटलं की हे आणायलाच नको होतं.

"विहीणबाई," आप्पा म्हणाले, "नेलं नसतंत तर आज हा आरा कोणाच्या हातात असता?"

सासूबाई सुपातले तांदूळ बोटांनी सरकवत राहिल्या. मग त्या मूर्तीकडे वाकल्या, चष्मा नसल्यामुळे अगदी जवळ.

"रंग तू दिलास?" त्यांनी मला विचारलं. नवरात्रानंतर त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"हो."

"कातडी बरोबर जमलीय. त्याच्यासारखीच." त्या उठल्या, सूप उचललं आणि आत जाताना मुलाला म्हणाल्या, "उद्या दुकान बंद ठेव. अलिबागला जाऊन ये. हिलाही ने." आणि मग आतून, नेहमीच्या आवाजात, "शालन, तांदूळ धुऊन टाक. तुझे आप्पा जेवूनच जातील."

यजमानांनी तेव्हा कुठे आरा बाहेर काढला.

अलिबागला डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं तेच निघालं. यजमान तपासणीच्या खोलीतून बाहेर आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. "माझं आहे," एवढंच म्हणाले. घरी येऊन आईला त्यांनीच सांगितलं, मामांनाही त्यांनीच सांगितलं, दुकानात उभं राहून, चार माणसांत. पुढे मुंबईला एका डॉक्टरांनी नळी जोडून पाहिली. एका बाजूला जमल्यासारखं झालं, पण मूल काही झालं नाही. आम्ही दोघंच राहिलो. सासूबाई शेवटच्या आजारात माझ्याच हातची पेज घेत. आप्पा जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. त्यांनी दुसरा पुरुष काढून दिला, त्याच्यातून दोरा सरळ फिरला, आणि कितीतरी सुइणींनी तो ओवला.

बंद वाटेचा पुरुष मात्र आमच्याकडेच राहिला. टोपली परत नेताना आप्पांनी विचारलं, "हा फोडून टाकू का?" यजमान म्हणाले, "राहू द्या." आणि त्यांनी तो दुकानात मागच्या फळीवर ठेवला, ट्यूबच्या खोक्यांशेजारी, वर एक कापड टाकून. आरा त्याच्या शेजारीच असायचा.

चार माणसांत बोललेलं पसरतं. पहिला माणूस पाटणसईकडून आला. मग रोह्याकडून एक. मग दर एक-दोन महिन्यांनी कोणीतरी. वेळ बहुधा दुपारची, बाजार झोपलेला असताना. सायकल भिंतीला लावून म्हणायचे, "पंक्चर आहे वाटतं, बघता का जरा?" यजमान चाकाला हात लावत आणि माणसाला आत घेऊन कापड बाजूला करत. मग आतून त्यांचा हलका आवाज यायचा. इथून निघतं. इथून वर जातं. घ्या, तुम्हीच घालून बघा. इथे अडतं ना? बायकोला परत आणा आणि आधी स्वतः जाऊन या.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सायकल बघायची. दोन्ही चाकांत हवा टच्च भरलेली असली, की चहाचं आधण ठेवायची.